गाडी तापतेय? नवा रेडिएटर घेण्याआधी जुना का गेला ते बघा

‘मापात बसतो’ म्हणून घेतलेला रेडिएटर पहिल्याच घाटात दगा देऊ शकतो. ट्रकला योग्य रेडिएटर कसा निवडायचा, जुना दुरुस्त करायचा की बदलायचा, आणि शिरोळ तालुक्यात जाळ्या लवकर का चोंदतात, हे समजून घेऊ.

दसरा-दिवाळीच्या आगेमागे जयसिंगपुरात ऊस परिषद होते, दराची कोंडी फुटते आणि शिरोळ तालुक्यातल्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात. पुढचे चार-साडेचार महिने गाडी उभी राहिली की खेपा बुडतात, हप्ता मात्र थांबत नाही. नेमक्या याच दिवसांत सांगली-कोल्हापूर रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडते: ‘जाळी गेली, नवीन टाकायला लागतीय.’

मग मोबाइलवर जुन्या रेडिएटरचा फोटो निघतो, तो दुकानदाराला व्हॉट्सॲपवर जातो आणि उत्तर येते, ‘बसतंय की, घेऊन जावा.’ संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर. रिकामी असताना काटा जागेवर राहतो, सपाट रस्त्यावरही तक्रार नसते. आठवड्याने कोकणातून माल घेऊन वर येताना आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटात काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. रेडिएटर मापात बसलेला असतो, पण त्या गाडीला तो पुरेसा नसतो. या दोन गोष्टींतला फरक ओळखता आला तर बराच पैसा वाचतो. रेडिएटरचा खर्च हजारांत असतो. इंजिन तापून हेड वाकले किंवा पिस्टन जाम झाले, तर तोच आकडा लाखांत जातो.

रेडिएटरवर किती भार असतो?

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवायला वापरला जातो. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर जातो. उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात किंवा कूलंटमध्ये उतरतो आणि तो हवेत सोडण्याचे काम रेडिएटर करतो.

180 अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण ताकदीने चालत असेल, तर रेडिएटरला साधारण 60 ते 80 किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातला मोठा गीझर 2 किलोवॉटचा धरला, तर 30-40 गीझर एकदम चालू ठेवल्यासारखे हे आहे. सपाट रस्त्यावर समोरून येणारा वारा मदतीला असतो. घाटात मात्र पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण दमात आणि गाडीचा वेग 15-20 किलोमीटर. वारा जवळजवळ नाहीच, सगळी भिस्त फॅनवर. म्हणून रेडिएटरची खरी परीक्षा घाटात होते.

उसाच्या गाडीची परीक्षा आणखी वेगळी असते. शेतातल्या चिखलवाटेवरून भरलेली गाडी कमी गिअरमध्ये बाहेर काढायची, मग कारखान्याच्या यार्डात रांगेत इंजिन चालू ठेवून पुढे सरकत राहायचे. शिवाय पाचटाचे तुकडे, कुसळ, बगॅसची धूळ हवेत असतेच. ती जाळीच्या पत्र्यांत जाऊन बसते.

आधी खात्री करा, दोष जाळीचाच आहे का?

गाडी तापली की पहिला संशय रेडिएटरवर येतो. तो दर वेळी खरा नसतो. गाडी नेमकी कधी तापते, यावरून बरेच कळते.

रांगेत उभी असताना तापते आणि धावायला लागल्यावर काटा खाली येतो, तर फॅन, फॅनचा बेल्ट किंवा फॅन क्लच बघावा. फक्त भरलेल्या गाडीला चढावर त्रास होतो, तर जाळी आतून किंवा बाहेरून चोंदल्याची शक्यता जास्त. सकाळी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर जातो, तर पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅट अडकला आहे. बाहेर कुठे गळती दिसत नाही, तरी पाणी कमी होते आणि टाकीत सारखे बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केट गेल्याचा धोका आहे. अशा गाडीला कितीही महाग रेडिएटर लावला तरी उपयोग शून्य. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर ऑइल कूलर किंवा गॅस्केट तपासल्याशिवाय गाडी हलवू नये.

अनेक गॅरेजमध्ये आता पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असतो. गाडी गरम असताना तो जाळीच्या वेगवेगळ्या भागांवर धरला, की काही पट्टे बाकीच्यांपेक्षा बरेच थंड दिसतात. तिथल्या नळ्यांतून गरम पाणी फिरतच नाही, म्हणजे त्या आतून बंद आहेत. दोन मिनिटांची ही तपासणी नवीन रेडिएटरच्या खर्चाआधी करून घ्यायला हरकत नाही.

एक सूचना चालकांसाठी. लाल पट्ट्यात गेलेला काटा अचानक खाली आला, तर गाडी थंड झाली असे समजू नये. पाणी पूर्ण संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चुकीचे दाखवू शकतो. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली 100 अंशांच्या वर असते, झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर येते.

शिरोळचे पाणी आणि जाळीचा गळा

या भागातल्या जाळ्या लवकर जाण्याचे एक मोठे कारण पाण्यात आहे. शिरोळ तालुक्यातल्या काळ्या जमिनींना अतिपाण्याने आलेला क्षारपडपणा नवा नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षार बाहेर काढण्याचे मोठे काम शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने झाले आहे. जे क्षार शेतात पांढरे फुटतात, तेच बोअरच्या पाण्यातही असतात. हेच पाणी ढाब्यावर किंवा शेतातल्या मोटारीवर कॅनमध्ये भरून रेडिएटरमध्ये ओतले जाते.

तांब्याच्या बंबाच्या आत जमणारा पांढरा थर कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांना ओळखीचा आहे. बंब चिंच लावून घासता येतो. रेडिएटरची चपटी नळी आतून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद असते, तिथे हात पोचत नाही. क्षाराच्या थराची उष्णता वाहण्याची क्षमता तांब्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. म्हणजे नळी पूर्ण बंद व्हायच्या आधीच, नुसत्या थरानेही जाळी निकामी व्हायला लागते. आणि दर वेळी पाणी उडून गेले, पुन्हा बोअरचे भरले, की थोडे क्षार आणखी आत राहतात.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची जुनी युक्तीही इथे चालते. हळदीची मोठी बाजारपेठ असलेली सांगली दहा-बारा किलोमीटरवर, त्यामुळे हळदीची वाण नाही. रात्री घाटात अडकलेल्या चालकाने घरी पोचण्यापुरते असे केले तर समजू शकते. पण छिद्र बुजवणारा तोच लगदा चांगल्या नळ्यांतही बसतो. हळद किंवा लीक बंद करणारी पावडर टाकलेली असेल, तर नवीन रेडिएटर लावण्याआधी इंजिनाचा ब्लॉक आणि होज पाइप स्वच्छ धुऊन घ्यावे लागतात. नाहीतर जुन्या इंजिनातला गाळ नव्या जाळीत येऊन बसतो आणि सहा महिन्यांत गाडी पुन्हा तिथेच.

नावावर नको, चेसिस नंबरावर घ्या

‘2518 चा रेडिएटर द्या’ एवढे सांगणे पुरेसे नाही. टाटा आणि अशोक लेलँडच्या ट्रकच्या नावातले पहिले दोन आकडे ढोबळमानाने गाडीचे भरलेले एकूण वजन टनांत सांगतात आणि पुढचे दोन अश्वशक्तीचा अंदाज देतात. 1613 म्हणजे 16 टन, 130 अश्वशक्ती. 2518 म्हणजे 25 टन, 180 अश्वशक्ती. केंद्राने जुलै 2018 मध्ये ॲक्सलवरचे अनुज्ञेय वजन वाढवले आणि 10 टायरच्या ट्रकची मर्यादा 25 टनांवरून 28.5 टनांवर गेली. त्यानंतर बाजारात 2818 सारखी नावे दिसू लागली.

पण या आकड्यांतून इंजिन कोणते आणि ते कोणत्या प्रदूषण मानकाचे, हे कळत नाही. देशभर बीएस-4 एप्रिल 2017 पासून आणि बीएस-6 एप्रिल 2020 पासून लागू झाले. मानक बदलले तसे इंजिन, टर्बो, इंटरकूलर आणि त्यांच्यासोबत रेडिएटरही बदलत गेले. काही इंजिनांत धुराचा एक भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये पाठवला जातो, त्याला ईजीआर म्हणतात. धूर थंड करताना निघालेली उष्णताही कूलंटमध्येच येते. म्हणून तेवढ्याच ताकदीच्या जुन्या गाडीचा रेडिएटर नव्या गाडीला पुरेलच असे नाही, भले तो बोल्टच्या भोकांत अचूक बसो.

त्यामुळे दुकानात जाताना आरसी सोबत न्यावी. त्यावरचा 17 अक्षरांचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष दिले, की कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमधून नेमका पार्ट नंबर निघतो. जुन्या रेडिएटरच्या टाकीवर किंवा बाजूच्या पट्टीवरही नंबरचे स्टिकर किंवा ठसा असतो. दोन्ही नंबर जुळले तर उत्तम. जुळले नाहीत, तर आधीच्या मालकाने वेगळा रेडिएटर लावला असण्याची शक्यता आहे. सेकंडहँड गाड्यांत हे सर्रास आढळते, आणि अशा वेळी जुन्या जाळीवरून नवीन घेणे म्हणजे आधीची चूक पुन्हा विकत घेणे.

एसी हा नवा मुद्दाही लक्षात ठेवावा. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. एसीचा कंडेन्सर साधारणपणे रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच थोडी गरम झालेली असते. कंपनीने एसीसह दिलेल्या गाडीत हा हिशेब धरलेला असतो. जुन्या गाडीला बाहेरून एसी बसवून घेतला असेल, तर रेडिएटर घेताना दुकानदाराला ते सांगायलाच हवे.

टेपने काय मोजायचे?

पार्ट नंबर मिळाला तरी टेप लावून बघावे. वरच्या-खालच्या किंवा बाजूच्या टाक्या सोडून फक्त जाळीची उंची, रुंदी आणि जाडी मोजायची. होज पाइपची तोंडे कोणत्या बाजूला आहेत, त्यांचा व्यास किती, एक्स्पान्शन टँकची बारीक नळी कुठे जोडते, पाण्याच्या पातळीचा सेन्सर आहे का, फॅनभोवतीचा श्राउड आणि इंटरकूलर यांच्या पट्ट्या जुळतात का, हे बघायचे. श्राउड बसत नाही म्हणून तो काढून ठेवणे ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. श्राउड नसला की फॅन आजूबाजूची गरम हवाच पुन्हा पुन्हा फिरवतो, जाळीतून हवा ओढत नाही.

जास्त ओळींची जाळी म्हणजे जास्त थंडावा, असा समज आहे. नळ्यांच्या ओळी वाढल्या की क्षमता वाढते हे खरे, पण मागच्या ओळींना पुढच्या ओळींनी तापवलेलीच हवा मिळते. त्यामुळे दुसऱ्या ओळीने जेवढा फायदा होतो, तेवढा चौथीने होत नाही. जाड जाळीतून हवा ओढायला फॅनलाही जास्त जोर लागतो. हाच प्रकार पत्र्यांच्या दाटपणाचा. एका इंचात जितके जास्त पत्रे, तितकी उष्णता बाहेर टाकायला जागा जास्त, पण पाचट आणि धूळही तितकीच लवकर अडकते. महामार्गावरच्या कंटेनरला दाट जाळी चालते. वर्षातले चार महिने उसाच्या फडात जाणाऱ्या गाडीला कंपनीने दिला तेवढाच दाटपणा ठेवणे शहाणपणाचे.

तांबे-पितळ की ॲल्युमिनियम?

गॅरेजमधला हा सर्वांत गरम वाद. तांबे उष्णता चांगली वाहते, ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट. तरीही नव्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमच का? कारण ॲल्युमिनियम वजनाला तांब्याच्या एक तृतीयांशाहून कमी आहे, स्वस्त आहे, आणि त्याच्या नळ्या रुंद करता येतात, त्यामुळे नळी आणि पत्रा यांचा संपर्क वाढतो. तांबे-पितळी जाळीत नळ्या पितळेच्या असतात आणि पत्रे त्यांना कथलाच्या डागाने जोडलेले असतात. वर्षांनुवर्षांच्या कंपनाने आणि गंजाने हे डाग सुटले, की पत्रा नळीला नुसता टेकून राहतो, उष्णता घेत नाही. बाहेरून अखंड दिसणारी जाळी यामुळेही काम करीत नाही.

तांबे-पितळेची खरी ताकद दुरुस्तीत आहे. गळती लागली तर अनुभवी कारागीर डाग मारून देतो, टाकी उघडून नळ्यांतून पट्टी फिरवून, म्हणजे रॉडिंग करून, जाळी मोकळी करतो. ॲल्युमिनियमच्या जाळीला बहुधा प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात. टाकीला तडा गेला तर एम-सीलने फार काळ निभत नाही. साध्या क्षारयुक्त पाण्याने ॲल्युमिनियमला आतून बारीक खड्डे पडतात आणि ते डागाने बुजत नाहीत.

म्हणून बोअरचे पाणीच घालणार असाल तर ॲल्युमिनियमची जाळी घेऊ नये. योग्य कूलंट कायम ठेवणार असाल तर तीच हलकी आणि भरवशाची पडते. कंपनीने ॲल्युमिनियम दिलेल्या नव्या गाडीला मात्र तांब्याची जाळी बनवून लावण्याच्या फंदात पडू नये. वजन वाढते, आधाराचे रबर आणि पट्ट्या त्या वजनासाठी बनवलेल्या नसतात.

नवी, रिकोअर की भंगारातली?

जुन्या तांबे-पितळी रेडिएटरच्या टाक्या चांगल्या असतील, तर फक्त नवी जाळी घालून घेणे, म्हणजे रिकोअर, हा चांगला पर्याय आहे. अट एकच: नव्या जाळीतल्या ओळी आणि जाडी मूळ जाळीपेक्षा कमी नको. स्वस्तात करून देणारे इथेच हात आखडता घेतात, चार ओळींच्या जागी तीन ओळींची जाळी घालतात. बाहेरून मोजमाप तेच राहते. प्लॅस्टिक टाकीचा रेडिएटर गेला तर सरळ नवा घ्यावा. आणि तोडलेल्या गाड्यांच्या बाजारातला रेडिएटर गाडी घरी आणण्यापुरता ठीक. त्यात कोणाचे पाणी, किती वर्षे फिरले, याचा पत्ता नसतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात बुडालेल्या गाडीचा असेल, तर पत्र्यांतला गाळ सहज निघत नाही.

काहीही घेतले तरी दुकानातच हवेचा दाब देऊन, पाण्याच्या टाकीत बुडवून चाचणी करून घ्यावी. पक्के बिल मागावे. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाची वॉरंटी कोणी मानत नाही.

झाकण लहान, काम मोठे

नवीन रेडिएटरवर जुनेच झाकण लावणे ही सर्वांत स्वस्तातली आणि सर्वांत जास्त होणारी चूक. झाकणातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. साधे पाणी उघड्यावर 100 अंशांना उकळते, अर्धा बार जादा दाबाखाली सुमारे 111 अंशांना आणि 1 बारला सुमारे 120 अंशांना. म्हणजे झाकण ढिले झाले तर सुस्थितीतली गाडीही घाटात उकळते. उलट, जास्त दाबाचे झाकण लावले तर प्लॅस्टिकची टाकी किंवा होज पाइप फुटतो. झाकणावरचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळला पाहिजे. इंजिन गार झाल्यावर होज पाइप आत चिपाडासारखा दबलेला दिसला, तर झाकणातला हवा आत घेणारा छोटा वॉल अडकला आहे.

थर्मोस्टॅटचेही तेच. ‘गाडी तापते, काढून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण अनेक ट्रकमध्ये इंजिन गरम झाल्यावर हाच वॉल बायपासचा रस्ता बंद करून सगळे पाणी रेडिएटरकडे पाठवतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जाते. बाकीच्या वेळी इंजिन पुरेसे गरम होत नाही, डिझेल जास्त जाते. शंका असेल तर वॉल गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का बघावा, आणि नसेल उघडत तर नवा घालावा.

बसवताना आणि नंतर

ब्लॉक धुतल्यावर कूलंट आणि डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, भरावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. कूलंटमधली रसायने गंज रोखतात आणि निम्मे मिश्रण उघड्यावरही सुमारे 107 अंशांपर्यंत उकळत नाही. ज्या इंजिनांत लायनरला बाहेरून थेट पाणी लागते, तिथे साध्या पाण्याने लायनरला बारीक छिद्रे पडण्याचा धोकाही कमी होतो. हिरवा, लाल, निळा या रंगांवर जाऊ नये. रंगाला ठरलेला अर्थ नाही, डब्यावरचे मानक बघावे आणि दोन प्रकार मिसळू नयेत.

भरताना घाई केली की हवा अडकते. हवा काढायचा स्क्रू उघडा ठेवून सावकाश भरावे, इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवावे आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा बघावी. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर होज क्लिप पुन्हा आवळाव्यात.

हंगामात दर आठवड्याला इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्च लावून बघावी. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पाचटाचा गठ्ठा या फटीत असतो. धुताना पाणी किंवा हवा इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारायची, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर जातो. सर्व्हिस सेंटरचा जोरदार जेट जवळून मारला, तर ॲल्युमिनियमचे पत्रे आडवे होतात आणि तेवढी जाळी कायमची बंद पडते.

जुना रेडिएटर दुकानदार बदल्यात घेतो. तांबे-पितळेचा असेल तर त्याला मोडीत ॲल्युमिनियमपेक्षा बराच जास्त भाव येतो, तेव्हा बदल्यातली रक्कम मान्य करण्याआधी वजन करून घ्यावे. आणि तो हातातून जाण्याआधी त्याच्यावरच्या पार्ट नंबरचा व चारही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.